मीठ ऐकतं

पडद्यापलीकडून डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य आलं तेव्हा नीराबाईच्या अंगात सुया होत्या, म्हणून ती उठली नाही. नाहीतर ताडकन उठून, पडदा बाजूला भिरकावून तिनं विचारलंच असतं, की कोण म्हणतं हे? सुया नसत्या तरी तिला उठता आलं नसतं, लुळं पडलेलं डावं अंग आडवं आलं असतं, हे तिच्या मागाहून ध्यानात आलं आणि मग तिला दुप्पट राग आला. वाक्य तसं साधंच होतं. "मितेश, मी खोटी आशा लावणार नाही," मृणाली म्हणत होती, "इतक्या बैठका झाल्या, पण काकींना एकदाही सुई जाणवलेली नाही. जडपणा नाही, ठणका नाही, साध्या मुंग्यासुद्धा नाहीत. आजची शेवटची करू आणि थांबू. व्यायाम चालू ठेवा, गोळ्या तर अजिबात सोडू नका. पण हे नुसतं टोचत राहणं मला बरं वाटत नाही." त्यावर नीराबाईचा मुलगा, दारात तीन ट्रेलर उभे करणारा, बंदराच्या रस्त्यावर भल्याभल्यांना आईबहिणीवरून ऐकवणारा मितेश एवढंच म्हणाला, "तुम्ही बोलाल तसं, मॅडम." आणि त्याच्या आवाजात सुटल्याचा सुस्कारा होता. तो सुस्कारा तिला सुईपेक्षा जास्त लागला.

कारण सुई लागत होती. खरी गोष्ट ही होती, आणि ती अख्ख्या जगात एकट्या नीराबाईला ठाऊक होती. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात जी सुई होती ती आत्ता, या घटकेला, ठणकत होती. नुसती टोचल्यासारखी नव्हे. आत खोल कुठंतरी कुणी बोटानं दाबून धरावं, सोडावं, पुन्हा दाबावं, तशी. उरणच्या बाजारात औषधांच्या दुकानावरच्या माळ्यावर मृणालीची ही ॲक्युपंक्चरची खोली होती. दोन टेबलं, मध्ये हिरवा पडदा, भिंतीवर उघड्या माणसाचं एक चित्र आणि त्याच्या अंगावरून मुंग्यांच्या रांगांसारख्या गेलेल्या रेघा. सुया टोचून झाल्या की मृणाली तिच्या डोळ्यांवर ओला पंचा ठेवायची, उशाशी टिकटिकणारं एक छोटं घड्याळ ठेवायची आणि "पडून राहा काकी, घंटा झाली की येते," म्हणून पलीकडे जायची. मग नीराबाई असायची आणि टिकटिक असायची. कधी मृणाली कुठल्याशा पाल्याची वळलेली कांडी पेटवून पायाजवळ धरायची, तिचा धूर खोलीभर व्हायचा. पहिल्या दिवशी तो वास आला तेव्हा नीराबाई म्हणाली होती, "दवना जाललास का गो?" मृणाली हसली होती. म्हणाली, दवण्याचाच भाऊबंद आहे, चीनमधला. तेव्हापासून नीराबाईला ही पोरगी आवडली होती. आणि आता हीच पोरगी पडद्यापलीकडं तिच्या हाताचं सुतक जाहीर करत होती.

पण तिचा तरी काय दोष? तिनं दर वेळी विचारलं होतं. सुई टोचून, दोन बोटांत धरून हलकेच फिरवत ती विचारायची, "काकी, काही जाणवतंय? दुखतंय का?" आणि नीराबाई दर वेळी म्हणायची, "न्हाय." पहिले काही आठवडे ते खरंच होतं. हात म्हणजे कुणीतरी तिच्या शेजारी आणून ठेवलेली वस्तू होती. सून सुचिता तो धुवायची, पुसायची, पावडर लावायची, उशीवर ठेवायची, आणि नीराबाई लांबून बघत बसायची. मग एका मंगळवारी सुई फिरली आणि हाताच्या तळातून काहीतरी वर आलं. अगदी बारीक. खाडीपलीकडून कुणी हाक मारावी आणि नाव नीट ऐकू येऊ नये, तसं. मृणालीनं विचारलं, "दुखतंय का?" आणि नीराबाईच्या तोंडून, तिला न विचारता, सवयीनं, ठेवलेल्या जागेवरून भांडं काढावं तसं निघालं, "न्हाय." त्यानंतर दर वेळी ती हाक जवळ येत गेली, आणि दर वेळी नीराबाई 'न्हाय' म्हणत गेली.

सवय हे एक झालं. दुसरं कारण पडद्यापलीकडं उभं होतं. पहिल्या दिवशी मृणालीनं सुयांचं पाकीट फोडलं, तेव्हा मितेशचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं भिंतीचा आधार घेतला आणि म्हणाला, "मॅडम, एक काम करा. आयेला दुखलं ना, तर लगेच बंद करायचं हां. मना नाय बघवत." केसासारख्या बारीक सुया त्या. पण हा पोरगा लहानपणापासून असाच. घरात कोंबडी कापायची म्हटली की हा वाडीत जाऊन कानात बोटं घालून बसायचा. त्यात बाप, काळूराम, नळ्या आणि सुयांच्या जंजाळात गेला. काळूराम शेवटी बोलू शकत नव्हता, पण नवीन सुई टोचली की त्याचे डोळे मितेशकडं वळायचे. ते डोळे मितेशनं आजतागायत खाली ठेवले नाहीत. नीराबाईला सगळं कळत होतं. म्हणून तर तिनं हिशोब मांडला होता, आपला साधा, बाईमाणसाचा हिशोब: दुखतंय म्हटलं की पोरगा सुया बंद करणार, म्हणून दुखत नाही म्हणायचं. दुखत नाही म्हणत राहायचं आणि हात परत येईपर्यंत गप्प पडायचं. करायला गेले काय आणि उलटे झाले पाय. दुखत नाही म्हणूनच आता सुया बंद होत होत्या.

घड्याळ टिकटिकत होतं. पंच्याखाली अंधार ओला होता. आपण किती मूर्ख, असं तिच्या मनात आलं आणि लगेच त्या विचाराला तिनं हाकललं, कारण मूर्ख म्हणवून घ्यायची तिला सवय नव्हती. वारं गेल्यापासून सगळे तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्यानं, तुकड्यातुकड्यानं बोलायचे. वारं गेलं, असंच ती म्हणायची. दवाखान्यात त्यांनी डोक्याचा फोटो दाखवून सांगितलं, की रक्ताची गुठळी अडकली. असेल. तिनं गुठळी पाहिली नव्हती, वारं पाहिलं होतं. उलव्याच्या बाराव्या मजल्यावरच्या घरात, दुपारी, गॅलरीत वाळत घातलेलं लुगडं काढायला ती गेली होती. खाली एके काळी जिथं मिठाचे वाफे होते तिथं आता इमारती, आणि इमारतींच्या फटींतून खाडीचा एक तुकडा. लुगड्याचं टोक हातात आलं आणि मग आलंच नाही. हात लुगड्याला धरून होता आणि लुगडं घसरत होतं. वारा मुळीच नव्हता त्या दुपारी, पान हलत नव्हतं, तरी लुगडं कठड्यावरून खाली गेलं, सावकाश, बारा मजले, आणि तिनं ते पडताना पाहिलं. मग तीही पडली. हे तिनं मृणालीला सांगितलं तेव्हा मृणाली म्हणाली होती, "काकी, चीनमधले जुने वैद्यही याला वाऱ्याचा फटकाच म्हणायचे." "म्हंजे तितं पन वारंच जातं?" "नाव तसं. गुठळी ती गुठळीच, म्हणून गोळी रोज घ्यायची. पण नाव तुमचंच आहे." आपण बोलतो ते अडाण्याचं बोलणं नाही, असं कुणीतरी कित्येक महिन्यांनी तिला सांगितलं होतं.

त्याच दिवशी मृणालीनं जीभ दाखवायला सांगितलं होतं. नीराबाईनं तोंड घट्ट मिटलं. जन्मात तिनं पोटच्या पोरासमोर जीभ काढली नव्हती. जीभ वेडावायला काढतात, नाहीतर देवी काढते. "याला भायेर घालव," ती म्हणाली, आणि मितेश बाहेर गेल्यावर तिनं जीभ काढली, चांगली लांब. मृणालीनं मग दोन्ही मनगटं धरून नाडी बघितली आणि विचारलं, "हात बरा झाला तर पहिल्यांदा काय करायचंय?" हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. सगळे म्हणायचे बरी होशील, बरी हो; होऊन करायचं काय ते कुणाच्या डोक्यात नव्हतं. नीराबाईनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "लुगडं नेसायचं." कारण तिला गाऊन घातला होता. पुढून चेन असलेला, फुलाफुलांचा, सुचिताला घालायला-काढायला सोपा. सुचिता चांगलीच होती, तिच्याबद्दल ब्र काढायची सोय नव्हती. पण त्या गाऊनमध्ये नीराबाई अंगभर कपडे असून उघडी होती. आगरी नेसणीचं लुगडं, पोटरीच्या वर खेचून मागं खोचलेलं, कमरेला गाठ मारलेलं. ती गाठ म्हणजे तिचा कणा होता. त्या गाठीच्या जोरावर तिनं मिठाच्या पाट्या वाहिल्या, पोरं वाढवली, काळूरामच्या मागं धंद्यावर नजर ठेवली. आणि ती गाठ एका हातानं मारता येत नाही. उजवा हात फेरा घेतो तेव्हा डाव्यानं कमरेशी टोक धरून ठेवायचं असतं. नुसतं धरून ठेवायचं. एवढंच मागत होती ती डाव्या हाताकडं. आवडाबाई, करंजा गावची नणंद, बघायला आली तेव्हा म्हणाली, "आता कनाला लुगरं न् फिगरं? पारव्याचं रगत चोल, त्यानं बरं होतंय." नीराबाईनं तिला सुनावलं, "पारव्याच्या अंगावरनं वारं गेलंय का माज्या? त्याला कनाला मारू?" आवडाबाई तोंड वाकडं करून गेली. जाताना सुचिताच्या कानात पुटपुटली, डोक्यावर पन असर झायलाय वाटतं. नीराबाईनं ते ऐकलं. तिचे कान दोन्ही शाबूत होते.

बेचक्यातली सुई पुन्हा ठणकली. आता तर मनगटाजवळचीही बोलायला लागली होती, आणि कोपराकडची. पायातल्या मात्र मुक्या होत्या. नीराबाईनं मनातल्या मनात त्यांच्यावरून हात फिरवला: ही जागी, ही जागी, ही झोपलेली. मग तिला शंका आली. हे खरं आहे, की आज शेवटची म्हटल्यावर आपलं मन थापा मारतंय? तहानलेल्याला पाणी दिसतं म्हणतात. आणि खरं असलं तरी आता कोण विश्वास ठेवणार? इतके दिवस नाही, नाही, आणि थांबू म्हटल्याबरोबर हो. मितेश डोक्यावरून हात फिरवेल आणि म्हणेल, "आये, टेन्शन नको घेऊ. सुया नसल्या तरी आम्ही आहोत ना." आहेतच. तेच तर. सगळे आहेत, आणि म्हणून तिनं असायची गरज उरत नाही. पुढचं सगळं तिला दिसत होतं: दिवसभराची एक बाई ठेवतील, टीव्हीसमोर खुर्ची सरकवतील, वाटीत मऊ भात कालवून भरवतील, सणासुदीला नवा गाऊन आणतील, जरा भारीतला. आणि माणसं येऊन म्हणतील, काय नशीबवान आहे म्हातारी. त्या नशिबाला काडी लावावी असं तिला वाटलं.

तिला तिची आई आठवली. खरं म्हणजे ती आठवायची वाट बघत नव्हती, ती होतीच तिथं, दवण्यासारख्या धुरात, पायांपाशी. ठमाबाई. काळी, उभट, मिठाच्या वाफ्यात पोटरीपर्यंत उभी. नीरा परकर खोचून मिठागरावर पहिल्यांदा कामाला गेली त्या दिवशी बांधावरच्या कालवाच्या धारदार शिंपलीवर तिचा पाय पडला आणि टाच चिरली. वाफ्यातलं पाणी त्या दिवसांत साधं नसतं. उन्हानं आटून आटून ते इतकं खारं होतं की हात बुडवून काढला तर हातावर पांढरी साय धरते. त्या पाण्यात चिरलेली टाच. नीरानं बोंब मारली. आसपासच्या बायांनी वळून पाहिलं. आई फळीनं मीठ ओढत होती, ती फळी टाकून आली, आणि पोरीला वाटलं आता उचलून घेईल. आईनं तिचं तोंड दाबलं. ओल्या, खरखरीत, मिठानं पांढऱ्या झालेल्या हातानं. "बोलायचं न्हाय," ती म्हणाली. "मीठ ऐकतंय. दुखतंय बोललंस का ते तितंच घर करतंय. गप ऱ्हायलंस का जातंय निंगून." नीरा गप्प राहिली. आईच्या तळहाताची खारट चव जिभेवर घेऊन तिनं दिवसभर पाट्या वाहिल्या, आणि संध्याकाळी पाय खरोखरच दुखेनासा झाला होता. बधिर झाला असेल. पण पोरीची खात्री पटली, की मीठ ऐकतं.

मग ती कधीच बोलली नाही. मिठागरावर नाही, सासरी नाही. पहिल्या बाळंतपणात सुईण म्हणाली, "ठमाची पोर गो ही, तोंडातून हूं न्हाय की चूं न्हाय!" आणि ते गावभर झालं, आणि नीराबाईला ते अंगावर सोन्याचा डाग घालावा तसं मिरवावंसं वाटलं. दुसऱ्या, तिसऱ्या वेळेला तर बाया दाराशी बसून कान द्यायच्या आणि आतून काहीच येत नाही म्हणून माना डोलवायच्या. काळूराम गेला तेव्हा त्याच बाया हंबरड्याची वाट बघत बसल्या. तो आला नाही, तेव्हा त्याच म्हणाल्या, दगड आहे दगड. तिच्या माणसांत 'दुखतंय का' हा प्रश्न 'जेवलात का' सारखाच होता. विचारणाऱ्यानं विचारायचा आणि ऐकणाऱ्यानं ठरलेलं उत्तर द्यायचं. कुणाच्या दारी जाऊन 'नाही हो, उपाशी आहे' असं कुणी सांगतं का? शिकलेली मृणाली दर मंगळवारी हा प्रश्न खरंच विचारत होती, तिला खरंच उत्तर हवं होतं, उत्तरावर सगळं अवलंबून होतं, हे नीराबाईच्या डोक्यात आज पडद्याआडून ऐकेपर्यंत शिरलंच नव्हतं. आयुष्यभर जे गुण म्हणून वाखाणलं गेलं, ते इथं नापास करत होतं. तिला हसू आलं, तिरपं, डावीकडं न पोचलेलं.

टिकटिक. पलीकडं मितेश फोनवर कुणा ड्रायव्हरला झापत होता, मग त्यानं आवाज खाली आणला. आणि एकदम, कुठल्याच दोऱ्यानं ओढल्याशिवाय, नीराबाईला ते आठवलं जे तिनं कित्येक वर्षं आठवलं नव्हतं. मिठाच्या राशी पेंढ्यानं शाकारायचे दिवस होते. बाया घरी गेल्या होत्या. नीरा विळा विसरली म्हणून परत आली, आणि राशीच्या आडून तिला आवाज आला. आई एकटी बसली होती, खाडीचं पाणी आत घ्यायच्या उघाडीच्या पलीकडं, बांधाखाली, जिथं गोड्या पाण्याचा रांजण असायचा तिथं. तिनं दोन्ही पाय घमेल्यातल्या गोड्या पाण्यात सोडले होते. पायांना भेगा होत्या, बोट जाईल एवढ्या. आणि ती कण्हत होती. हळू नाही, चांगली मोठ्यानं. "आये गो, दुखतंय गो, आये, दुखतंय." डोळे मिटून, डोलत, लहान पोरीसारखी तिच्या मेलेल्या आईला सांगत होती. नीरा राशीआड उभी राहिली. तिला आईची लाज वाटली, आणि भीती वाटली, की मीठ ऐकेल. मग विळा न घेताच ती पळाली. पुढं आई गेली तोवर दोघींनी यातलं काही एकमेकींना सांगितलं नाही.

आता, पंच्याखाली, त्या लाजेचा राग झाला. आईचा राग आला तिला, पहिल्यांदाच, इतक्या वर्षांनी, मेलेल्या आईचा. तुला माहीत होतं की. तुला दुखत होतं. तू गोड्या पाण्यात पाय सोडून बोलत होतीस आणि मला म्हणालीस बोलायचं नाही. माझं तोंड दाबलंस आणि तुझं उघडं ठेवलंस. मी तीन पोरं दात दाबून काढली, नवरा दात दाबून पोचवला, तुझा हात तोंडावरचा काढलाच नाही मी, आणि आज तो माझा हात न्यायला निघालाय. रागानं तिचे डोळे भरून आले आणि पंच्यात जिरले. मग रागाच्या तळाशी तिला ते घमेलं दिसलं. आईनं जागा निवडली होती. मिठापासून लांब, पाठ करून. म्हणजे आईचाही मिठावर विश्वास होताच. ती फक्त चोरून बोलत होती. बिचारी. जन्मभर मिठाला भ्यायली. नीराबाईला वाटलं, आपण भिणार नाही. आपण चोरून बोलणार नाही. बोलायचं तर इथंच, सुया अंगात असताना, पोरासमोर.

घंटा वाजली. पडदा सरकला, मृणालीच्या चपला जवळ आल्या आणि त्यांच्या मागं मितेशचे जड बूट. "झालं काकी. काढते हं," मृणाली म्हणाली. तिच्या आवाजात आज जास्तीची माया होती, निरोपाची. ती पंचा उचलायला गेली तसा नीराबाईनं उजव्या हातानं तो डोळ्यांवर दाबून धरला.

"डोले झाकलेलेच ऱ्हाऊ दे. काढ तू. न बोलता काढ."

"आये, काय हे?" मितेश म्हणाला.

"तू गप ऱ्हा."

नीराबाई वाट बघत राहिली. काहीच झालं नाही. ती घाबरली. मग तिनं ओळखलं. "पायाच्या काढल्यास ना? त्या न्हाय कलल्या मना," ती म्हणाली. पुन्हा वाट. आणि मग मनगटातून काहीतरी सरकलं, वर आलं, सुटलं. "ही मनगटाची," नीराबाई म्हणाली. तिला स्वतःचा आवाज कापताना ऐकू आला आणि तिनं तो कापू दिला. मृणालीचा हात थांबला. बराच वेळ थांबला. नंतर कोपराच्या खाली एक कळ गोल फिरली.

"कोपराची. पन काढली न्हायस. फिरवलीस नुसती."

"काकी..." मृणालीचा श्वास ऐकू आला. "हे कधीपासून होतंय?"

"बरेच मंगलवार झाले."

"मग बोलला का नाहीत? मी दर वेळी विचारत होते!"

"तू इचारलंस न् मी सांगितलं. दुखतंय का म्हनून इचारल्यावं हो कोन म्हनतं, बाय?"

मृणाली हसली की काय ते कळलं नाही. नाकातून एक आवाज आला, ओलसर. पण मितेश पुढं झाला होता, त्याचा डिझेलचा आणि घामाचा वास टेबलापर्यंत आला. "म्हणजे इतके दिवस तुला दुखत होतं?" त्याचा आवाज चिरकला. "आणि तू पडून राहिलीस? मॅडम, काढा त्या. सगळ्या काढा आधी. मी पहिल्याच दिवशी बोललेलो, दुखलं तर बंद." नीराबाईनं आता पंचा काढला. उजेड डोळ्यांत घुसला. मितेश उभा होता, केवढा मोठा झालेला, कानात बोटं घालायचीच काय ती बाकी ठेवलेला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काळूरामचे ते डोळे होते. तिला त्याची फार दया आली. पण दयेपायी हात देऊन टाकायचा नाही, एवढं तिचं ठरलं होतं.

"मित्या, ऐक," ती म्हणाली. "तुज्या बापाला दुखत व्हतं ते मरनाचं. माजं येगलं हाय. मना दुखतंय म्हंजे हात हाय. तुला बघवत न्हाय तर भायेर जा. मी येनार. पुढल्या मंगलवारी येनार, आनी त्याच्या पुढल्या पन."

मितेश गेला नाही. त्यानं भिंतीचा आधार घेतला, पहिल्या दिवशी घेतला होता तिथंच, पण तोंड फिरवलं नाही. मृणाली म्हणाली, हात उठेलच असं ती आजही सांगणार नाही. जाणीव आली म्हणजे ताकद आलीच, असं नसतं. "तू नको सांगूस," नीराबाई म्हणाली. "मी बघतंय माजं." आणि मितेशला म्हणाली, "सुचिताला सांग, माजी लुगरी खाली काढून ठेव. न्हाय जमलं तर न्हाय जमलं. पन गाऊन बस झाला." मृणालीनं कोपराची सुई काढली. मग तिचे हात बेचक्यातल्या, शेवटच्या सुईवर आले, आणि या खेपेस तिनं विचारलं तेव्हा प्रश्न नवाच वाटला.

"दुखतंय का, काकी?"

नीराबाईनं त्या हाताकडं पाहिलं. महिनोन्‌महिने तो शेजारचा होता. "दुखतंय," ती म्हणाली. शब्द खरखरीत निघाला, मिठाच्या चवीचा. मग तिनं तो पुन्हा म्हटला, मोठ्यानं, इतक्या मोठ्यानं की जिन्यात नंबरासाठी थांबलेली माणसं बोलायची थांबली, खाली औषधाच्या दुकानात कुणीतरी वर मान केली असेल. "दुखतंय! लय दुखतंय! काढू नको ती, ऱ्हाऊ दे!"

"आये, हळू," मितेश घाबरून कुजबुजला, "लोक ऐकतील."

"लोकांचं काय घेऊन बसलास," नीराबाई म्हणाली, "मीठ ऐकू दे."